ताळेबंदाचा धडा

लातूरहून वहिनींच्या, म्हणजे दिगंबररावांच्या बायकोच्या, भावाचा फोन आला, तेव्हा मी नांदेडला विभागात चहा पीत बसलो होतो. "दाजी गेले," एवढंच तो म्हणाला. पहाटे झोपेतच... फोन ठेवतो न ठेवतो तोच विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गाची सूचना वाजली. दिगंबर सरांचा नवा धडा खुला झाला होता. तिकडं माणूस घरात आडवा पडलेला, आणि इकडं पडद्यावर तोच माणूस पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसून खतावणी समजावून सांगतोय. खाली पोरं लिहीत होती, 'धन्यवाद सर, समजलं.'

दिगंबरराव मूळचे अहमदपूरकडचे. आम्ही दोघं एकाच विभागात अकाउंट्स शिकवायचो. फळ्यापुढं उभे राहिले की कोपरापर्यंत खडू, आणि नाव घेऊन प्रश्न. ऑनलाइन शिकवणं आलं तेव्हा लई चिडले होते. "ह्या डबड्याला काय शिकवू? डबडं मान हलवत न्हाई," म्हणायचे. निवृत्तीनंतर लातूरला राहायला गेले, पण विद्यापीठाला अजून ते हवे होते. मीच गळ घातली. आधी रुसले, मग असे पेटले की सत्राचे सगळे धडे घरी बसून आधीच रेकॉर्ड करून पाठवले. दर सोमवारी एक धडा आपोआप उघडेल, अशी व्यवस्था मी करून ठेवली.

त्या धड्यांत एक विचित्र खोड होती. "दुकानदारानं रोखीनं कपाट घेतलं. येईल ते नावे, जाईल ते जमा. मग इथं नावे काय?" असं विचारायचे आणि गप्प व्हायचे. कॅमेऱ्याच्या जरासं वरती बघत थांबायचे. बराच वेळ. मग समाधानानं म्हणायचे, "हं... चला पुढं." मी त्यांना म्हटलं, दिगंबरराव, ही शांतता कापून टाकतो, पोरांना वाटतं नेट गेलं. "कापायची न्हाई," ते म्हणाले. "विचारलं की थांबावं लागतंय." हट्टी माणूस! पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी नाद सोडला.

ते गेल्यावरही सोमवार येतच राहिले. मला सोमवारची धास्ती बसली. धडा नीट उघडला का, हे बघणं माझं काम. ते विचारायचे, थांबायचे, आणि रिकाम्या खोलीत ते माझ्याच उत्तराची वाट बघतायत असं वाटायचं. एकदा तर मी मोठ्यानं "कपाट" असं उत्तर देऊन बसलो. कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटचा, ताळेबंदाचा धडा तेवढा उरला आणि वहिनींचा फोन आला. त्याही दर सोमवारी मोबाइलवर धडा बघत होत्या, हे मला तेव्हा कळलं. "भाऊजी, तेवढा उघडू नका," त्या म्हणाल्या. "एक राहिलाय तवर ते हायेत." आता आली का पंचाईत! परीक्षा तोंडावर आलेली, पोरं रोज ताळेबंदाचं विचारून राहिलेली. इकडं आड, तिकडं विहीर. धडा थोपवून ठेवला, आणि समोर बसूनच बोलावं म्हणून मी लातूरची एसटी धरली.

वहिनींनी मला त्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवलं. टेबलावर तांदळाचा स्टीलचा डबा होता, त्याला टेकवून ते मोबाइल ठेवायचे. डब्याच्या पलीकडं एक प्लॅस्टिकची खुर्ची. ही कुणाची, मी सहज विचारलं. "माझी," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. डबड्याला शिकवणं दिगंबररावांना जमेना, म्हणून दुपारी वहिनींना समोर बसवायचे. हिमायतनगरला सातवी झाली आणि लग्न लागलं, एवढंच वहिनींचं शिक्षण. बोलायचं नाही, फक्त कळलं की मान हलवायची. नाही कळलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. "मान हलल्याबिगर पुढं जात न्हवते," त्या म्हणाल्या. म्हणजे मी कात्री घेऊन निघालो होतो, ती वहिनींवरच! मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, आणि आता?

"आता बी हलवते की. त्ये थांबत्यात ना."

चहा झाला. वहिनींनी डब्यावरची धूळ पदरानं पुसली. मग स्वतःच म्हणाल्या, "उघडा भाऊजी. पोरांची परीक्षा हाय. त्ये असते तर मलाच बोलले असते."

मी धडा उघडला आणि मोबाइल त्याच डब्याला टेकवला. वहिनी त्यांच्या खुर्चीत बसल्या. दिगंबररावांनी मालमत्ता मांडली, देणी मांडली, सावकाश बेरजा केल्या. मग नजर वर उचलून विचारलं, "जुळल्या का दोन्ही बाजू?" आणि थांबले. थेट वहिनींकडं बघत.

मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मान ताठ. डोळ्यांतून धार लागलेली, पण मान तसूभर हलू देत नव्हत्या. पंखा फिरत होता. मीही श्वास धरून बसलो... न जाणो, थांबतील.

"हं," दिगंबरराव म्हणाले. "चला पुढं."