नसीमच्या पिशवीतला कॉम्प्युटर

अस्लमचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढत होते. शाळेत मी फोन उचलत नाही, पण त्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारी नसीम दौंडला डायलिसिसला असायची. म्हणून खडू ठेवून वर्गाबाहेर आले. अस्लम, तिचा धाकटा भाऊ, एवढंच म्हणाला, "दीदी गेली. सकाळी उठलीच नाही." मागे एखादी गाडी जात असावी, त्या आवाजात तो आणखी काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही. मी वर्गात परत जाऊन तो त्रिकोण पूर्ण केला, हे मुलींनी मला नंतर सांगितलं. मला आठवत नाही... या गोष्टीला आता नऊ आठवडे झाले. लिहायला बसावं असं आज पहिल्यांदा वाटलं.

नसीम आणि मी शिरूरमध्ये अकरावीपासूनच्या मैत्रिणी. तिचे अब्बा टेलर होते, बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान होतं. मी गणिताची शिक्षिका झाले आणि ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात लागली. मशीनवरून आलेला प्रत्येक तुकडा व्हर्निअरनं मोजायचा, मापात नसेल तर बाजूला टाकायचा, हे तिचं काम. सुपरवायझर कितीही ओरडला तरी मापात न बसणारा तुकडा तिनं कधी पुढं जाऊ दिला नाही. तिशी ओलांडली आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नोकरी सुटली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणार होतं आणि दौंडला जागा मिळत होती. अस्लम रेल्वेत, त्याचं क्वार्टरही तिथंच. मग सोमवार ते शुक्रवार दौंड आणि शनिवार-रविवार शिरूरला अम्मीकडे, अशी तिची विभागणी झाली. दर शुक्रवारी संध्याकाळची एसटी, दर रविवारी दुपारची एसटी.

अशाच एका शनिवारी तिनं मला सांगितलं, "मी कॉम्प्युटर बनवणार हाय. गेम खेळायचा. स्वतः, एकेक भाग निवडून." मला वाटलं, वेळ घालवायला काहीतरी हवंय बिचारीला. मी म्हटलं, चांगली कल्पना आहे, पण कोणता गेम? ती म्हणाली, "मालट्रक चालवायचा. खरे रस्ते असतात त्यात, घाट, पूल, टोलनाके, सगळं. एका गावातून माल भरायचा, चार दिवसांनी दुसऱ्या देशात उतरवायचा." मी हसले. ती हसली नाही. "उज्ज्वला, दोन दिवसांच्या पुढं मला कुठंच जाता येत न्हाई. अजमेर ठरलं व्हतं अम्मीबरोबर, ते ऱ्हायलं. मला लांब जायचंय." त्यानंतर मी त्या गेमला हसले नाही.

आता अट अशी होती की कॉम्प्युटर दोन्ही गावांत हवा आणि तो तिनं स्वतः न्यायचा. तिच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी शीर जोडलेली होती. त्या हातानं वजन उचलायचं नाही, दाब द्यायचा नाही. म्हणजे जे काही असेल ते एका खांद्यावरच्या पिशवीत बसलं पाहिजे आणि एसटीत मांडीवर राहिलं पाहिजे. पडदा म्हणून दौंडला अस्लमचा टीव्ही होता, शिरूरला तिचा जुना मॉनिटर होता. अम्मी म्हणाली, "सरळ लॅपटॉप ले ले ना बेटा." नसीमनं मान हलवली. "लॅपटॉपमधलं समदं कंपनी निवडती. त्यात मी काय निवडायचं?"

तिनं सुरुवात कशी केली ते मी विसरणार नाही. मार्केट यार्डातून एक जाड पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि अब्बांच्या कापडाच्या कात्रीनं ते कापायला बसली. अब्बा जाऊन चार वर्षं झाली होती, अम्मीनं ती कात्री कुणाला हात लावू दिली नव्हती. अम्मी ओरडली, रुसली, शेवटी समोर बसून बघत राहिली. नसीमनं पुठ्ठ्याचं कॅबिनेट बनवलं, चपलांच्या खोक्याहून थोडं मोठं. मग ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, प्रोसेसरवरचा पंखा, असे एकेक भाग इंटरनेटवरची मापं घेऊन पुठ्ठ्याचेच कापले आणि आत बसवून बघितले. मोठं कार्ड बसवलं तर पॉवर सप्लायला जागा उरेना. पंखा उंच घेतला तर झाकण लागेना. दर शनिवारी गेले की नवा पुठ्ठा, नवी जुळणी. वजनाचा अंदाज यावा म्हणून तिनं त्या खोक्यात तांदूळ भरले, किराणा दुकानात वजन करून घेतलं आणि मांडीवर घेऊन दौंडपर्यंत जाऊन आली. कंडक्टरनं विचारलं, "ताई, काय हाय त्यात?" ती म्हणाली, "अजून काय न्हाई. पुढच्या महिन्यात कॉम्प्युटर असंल." परत आल्यावर तिनं तांदूळ दोन मुठी कमी केले आणि भागांच्या यादीतला पॉवर सप्लाय बदलून हलका निवडला.

डायलिसिसच्या वेळी तिच्या शेजारच्या पलंगावर वडगाव रासाईचे एक आबा असायचे. उभं आयुष्य ट्रकवर काढलेला माणूस, आता मुलगा गाडीला हात लावू देत नव्हता. चार तास पडून राहायचं, त्यात नसीम उजव्या हातानं वहीत मापं लिहीत बसायची. आबांनी एकदा विचारलं, "काय लिवतीयास गं पोरी?" तिनं सांगितलं, ट्रक चालवायला कॉम्प्युटर बनवतेय. आबा म्हणाले, "म्या एवढी वर्सं ट्रक चालवला, मला कवा कंप्युटर लागला न्हाई." पलीकडची नर्ससुद्धा हसली. पण त्यानंतर आबा दर वेळी विचारू लागले, "कुठवर आलं?"

याच काळात मी ती चूक केली. तिचा वाढदिवस जवळ आला होता. मी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, एवढ्याशा खोक्यात काही जमत नाही, गरम होतं, थोडं मोठं कॅबिनेट घ्या आणि त्याहून भारी कार्ड घाला. मला ते पटलं. मी तिला न विचारता दोन्ही मागवलं आणि लाल कागदात गुंडाळून शनिवारी घेऊन गेले. तिनं कागद उघडला, खोक्यावरची मापं वाचली आणि म्हणाली, "परत कर." मी समजावायला लागले की हे जास्त चांगलं आहे...

"चांगलं कुणी ठरवलं?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला जड गेलं. "पाणी किती प्यायचं, मीठ किती खायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, सुई कुठं टोचायची, समदं दुसरंच कुणीतरी ठरवतं. ह्ये एक माझं व्हतं. त्ये पण तू घेतलंस?"

मी रागावून घरी आले. खरं सांगायचं तर मला माझ्या भेटवस्तूचं वाईट वाटत होतं, तिचं नाही. तीन आठवडे आम्ही बोललो नाही. शाळेत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना मला तिचंच वाक्य ऐकू यायचं. शेवटी मी दोन्ही वस्तू परत पाठवल्या आणि एका बुधवारी रजा टाकून दौंडला गेले. ती अस्लमच्या क्वार्टरमध्ये खिडकीपाशी बसली होती, पुढ्यात पुठ्ठ्याचं खोकं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं खोकंच माझ्याकडे सरकवलं. "तू गणिताची ना? यात काय चुकलंय सांग."

मी अर्धा तास बघत बसले. सगळं मापात होतं. मग मला दिसलं की कार्डाच्या कडेला वीज देणारी जी वायर लावायची, ती झाकणाला टेकते आहे. पुठ्ठ्यावर वायर नव्हती, म्हणून ते लक्षात येत नव्हतं. मी विचारलं, "ही वायर वळणार कुठून?" तिनं खोकं ओढून घेतलं, बोट घालून बघितलं आणि मोठ्यानं हसली. "आयला! मलाबी दिसलं न्हवतं. म्या आपलं तुला गप करायला विचारलं." त्या दिवशी तिनं कार्ड बदललं, एक बोट कमी रुंदीचं घेतलं. मी मत दिलं नाही. तिनं विचारलं तेवढंच मोजून सांगितलं.

पुठ्ठ्याच्या मापाचं खरं कॅबिनेट आणि बाकीचे भाग घ्यायला आम्ही एका शनिवारी पुण्याला गेलो. दुकानदार माझ्याकडे बघूनच बोलत होता. "मुलासाठी घेताय का मॅडम? हे बघा, यात रंगीत लाइट आहेत." नसीम म्हणाली, "माझ्यासाठी हाय. लाइट नकोत." तिनं पंख्याचं खोकं उघडायला लावलं, पर्समधून व्हर्निअर काढलं आणि काउंटरवरच उंची मोजली. खोक्यावर लिहिलं होतं त्यापेक्षा ती दोन मिलिमीटरनं जास्त भरली. दुकानदार म्हणाला, "एवढ्यानं काय होतं?" "झाकण लागत न्हाई," ती म्हणाली. त्यानं आणखी दोन पंखे काढले, तिनं तेही मोजले, तिसरा घेतला. आम्ही निघेपर्यंत त्यानं तिच्यासाठी खुर्ची मागवली होती आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये तिची यादी टिपून घेत होता.

जोडणी रविवारी सकाळी झाली, अम्मीच्या स्वयंपाकघरासमोरच्या खोलीत, चादर अंथरून. ती सांगायची, मी दाबायचं, कारण तिला डाव्या हाताचा आधार घेता येत नव्हता. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, पण पडदा काळाच. मी घाबरून म्हटलं, काहीतरी जळलं. अम्मीनं दुआ पुटपुटली. नसीमनं वही उघडली, एकेक ओळीवर बोट ठेवत खाली आली आणि थांबली. "मेमरी. भीत भीत दाबलीस ना तू?" तिनं प्लग काढायला लावला. "आता न भिता दाब. अजून. अगं अजून..." खट् असा आवाज आला. पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला. अम्मीनं तिची दृष्ट काढली, आणि कॉम्प्युटरचीही.

पुढचं सव्वा वर्ष ती पिशवी शिरूर आणि दौंडच्या मधे फिरत राहिली. नसीम ट्रक चालवायची तेव्हा पाठ ताठ करून बसायची, जणू काच खरीच समोर आहे. बर्फातून गेली, समुद्राकाठून गेली, एकदा माल घेऊन दरीत कोसळली आणि मला फोन करून सांगितलं. आबा सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचे, डायलिसिसची पाळी दुपारी, तोवर अस्लमच्या घरी येऊन तिच्या मागे खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशीच ओरडले, "आगं आगं, उताराला एवढ्या जोरात? गेर खाली टाक! गाडी गेरवर उतरीव, बिरेकवर न्हाई!" तिनं गिअर खाली टाकला. हळूहळू ती उठून आबांना बसवायला लागली. पहिल्यांदा बसले तेव्हा बटणांना हात लावण्याआधी त्यांनी मागं वळून बघितलं. नसीम मागे उभी राहून म्हणाली, "आबा, हितं कुणी चावी काढून घेत न्हाई. चालवा."

तब्येत उतरत गेली ते तिनं फार कुणाला दिसू दिलं नाही. शेवटच्या दोन महिन्यांत एसटीचा प्रवास बंद झाला, मी शनिवारी दौंडला जायचे. एकदा तिनं विचारलं, "माझ्यामागं ह्याचं काय करशील?" मी विषय टाळला. ती म्हणाली, "टाळू नको. वापरात ठेव. कपाटात न्हाई ठेवायचा."

गेल्या आठवड्यात अस्लमचा फोन आला. आबा अजून येतात, सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, आणि अस्लम ड्यूटीला जाण्याआधी त्यांना कॉम्प्युटर लावून देतो. पण पंखा वाजायला लागला होता, मग आपोआप बंदच पडायला लागला. "उघडायची माझी हिंमत नाही," तो म्हणाला. मी त्याच मापाचा नवा पंखा घेतला आणि शुक्रवारी गेले. आबा आधीच येऊन बसले होते, टोपी मांडीवर. मी झाकण काढलं. आतल्या सगळ्या वायरी तिनं शिलाईच्या निळ्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. कधी बांधल्या ते मला माहीत नव्हतं. एका हातानं आणि दातानं मारलेल्या गाठी, प्रत्येक गाठीचं टोक सारखंच कापलेलं. पंखा काढायचा तर त्यातली एक गाठ तोडावी लागणार होती.

मी नेलकटर हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. अस्लम दारात उभा होता, तो आत गेला. मग मी ती गाठ कापली. पंखा बदलला, वायरी पुन्हा एकत्र केल्या आणि अस्लमच्या बायकोकडून पांढरा दोरा मागून माझी गाठ मारली. ती तिच्या गाठीसारखी आली नाही, पण घट्ट आहे. झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पण वाजला नाही. पडद्यावर ट्रक उभा होता, पुढं सरळ रस्ता.

आबांनी टोपी बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली.

"निघू का?" त्यांनी विचारलं.

"निघा," मी म्हटलं.