पाहुण्यांसाठी नसलेली पेज

आमची क्रूझ दिवसभरासाठी कोचीला लागली, तेव्हा टूरवाल्यांच्या बसमध्ये न बसता मी एकटीच गल्लीबोळांत शिरले. मला अस्सल तिथलंच काहीतरी खायचं होतं. एका घरगुती खानावळीच्या दाराशी मालकीणबाई जेवत बसल्या होत्या. वाडग्यात वाफाळती पेज, कडेला उकडलेले मूग आणि लाल चटणी. मला पाहताच त्यांनी वाडगा झटकन पाठीमागे सरकवला आणि तवा तापत ठेवला.

"मला तेच द्या ना," मी हिंदीत म्हटलं.

त्या संकोचल्या. "ते घरचं आहे. तुम्हाला मासा तळते."

त्या वाडगा सरकवण्यानं मी थेट आमच्या कोकणातल्या स्वयंपाकघरात पोचले. दारात पाहुणा दिसला की आईची पेज अशीच ओट्याखाली जायची आणि बिडाच्या तव्यावर घावन पडायचं. "काय जेवत होतात?" असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "काही नाही, आमचं आपलं असंच." पाहुण्याला आपलं रोजचं वाढायचं नाही, ही तिची रीत. आणि आम्ही प्रवासी नेमकं तेच हुडकत हिंडतो!

मासा फर्मास होता. मी सावकाश काटे काढत खाल्ला. शेवटच्या घासाला लक्षात आलं, की तोवर मागची पेज पार गार झाली असणार.

संध्याकाळी बोटीवर शेजारच्या केबिनमधल्या काकूंनी विचारलं, "मिळालं का गं अस्सल काही?"

"मिळालं नाही," मी म्हटलं. "दिसलं."