मागच्या खोलीतली मशीन्स

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या कंपनीत गाड्यांचे पार्ट बनायचे, आणि त्या वर्षी माणसं कमी करणं चालू होतं. माणूस सकाळी खोका घेऊन गेला की दुपारी त्याचा कॉम्प्युटर ट्रॉलीवरून मागच्या खोलीत माझ्याकडे यायचा. तो पुसायचा, त्यावर कोरी इमेज, म्हणजे सगळ्या सिस्टिमची तयार प्रत, चढवायची, शेल्फवर ठेवायचा. सुरुवातीला मी स्टिकरवरची नावं वाचायचो. नंतर सोडून दिलं. रोज मरे त्याला कोण रडे.

काम सोपं होतं. केबल लावली की मशीन नेटवर्कवरून सुरू व्हायचं आणि सर्व्हरवरून इमेज ओढायला लागायचं. आधी ते ‘खरंच पुसायचं का?’ असं विचारायचं. ढीग वाढला तसं मॅनेजरने ते विचारणंच काढून टाकायला लावलं. प्रत्येक मशीनपाशी एंटर मारत कोण बसणार?

एका आठवड्यात एकही मशीन सुरू होईना. नेटवर्कवर पत्ता मिळायचा, पण मशीन चालू करणारी पुढची बूट फाइल यायची नाही. थोडी वाट बघून मशीन पुन्हा पहिल्यापासून तेच करायचं. मी केबली बदलल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला, मॅनेजरची बोलणी खाल्ली. शेवटी कळलं की नेटवर्कवाल्यांनी आमची खोली दुसऱ्याच नेटवर्कवर टाकली होती आणि ते सांगायची तसदी घेतली नव्हती. त्यांच्या मागे लागून राउटरवर एक ओळ वाढवून घेतली. टेबलावरची सगळी मशीन्स आपोआप कामाला लागली. त्या महिन्यांत मला कशाचंच काही वाटत नसे, पण तेव्हा जरा बरं वाटलं.

तेवढ्यात काकांचा फोन आला. काका म्हणजे आमच्या डिझाइन विभागातले नागपूरचे इंजिनियर. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे लायसन्स नव्हतं, तेव्हा त्यांनीच मला रोज ऑफिसला नेलं-आणलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनाही खोका मिळाला होता. त्यांच्या आईने वारण्याआधी एकदा त्यांच्या ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवला होता, आणि तो त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतला होता. निघताना सिक्युरिटीवाला डोक्यावर उभा होता, त्यामुळे तो घ्यायचा राहिला. दुसरीकडे कुठेच नव्हता.

“अरे, माझं मशीन अजून वाइप नाही केलं ना?”

मी स्टिकर शोधलं. पडद्यावरची निळी पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती. मी केबल उपटली. त्याचा काही उपयोग नव्हता. जुनं सगळं पहिल्याच पायरीला जातं, हे मला चांगलं माहीत होतं. काकांना तसंच सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण आत नुसतं बधिर होतं, दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो तसं.



“‘जेवलास का? फोन उचलत नाहीस. बरं, ठेवते.’ एवढंच होतं रे,” काका म्हणाले. “शब्द पाठ आहेत मला. पण आजकाल ते माझ्याच आवाजात ऐकू येतात.”

त्यांनी फोन ठेवला. मी केबल परत लावली. अर्धवट राहिलेलं मशीन शेल्फवर ठेवता येत नसे.