सहा हजारांची सीट

सुरतच्या पर्वत पाटिया भागात साड्यांच्या गोदामांमागे एक पत्र्याचा गाळा आहे. तिथं मंगलाबाई गाड्यांच्या सीटा शिवतात. वाशीम जिल्ह्यातून लग्न होऊन त्या सुरतेत आल्या तेव्हा त्यांना फॉल-पिकोपलीकडे काही येत नव्हतं. सहा वर्षं साड्यांना फॉल लावण्यात गेली. मग एका सीटकव्हरवाल्याचा कारागीर अचानक गावी निघून गेला, आणि मालकानं मंगलाबाईंना पंधरा दिवसांपुरतं मशीनवर बसवलं. त्या पंधरा दिवसांची अकरा वर्षं झाली. रेक्झिनला सुईचं एक भोक चुकीचं पडलं की पडलं, साडीसारखं उसवून परत शिवता येत नाही, हे त्या तिथं शिकल्या. पुढं जाड कामाचं जुनं मशीन घेऊन त्यांनी स्वतःचा गाळा थाटला. नवरा पंडित हजीऱ्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. पहाटेच्या बसनं जायचा तो दिवेलागणीला यायचा. गाळ्याचं जे काय ते मंगलाबाईंच्याच जिवावर.

दोन गल्ल्या सोडून त्यांच्या धाकट्या दिराचं, भगवानचं, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. भगवान कष्टाळू, तोंडानं अबोल. त्याची बायको सुवर्णा मात्र बोलायला लागली की भाजीवाला कोथिंबिरीची जुडी फुकटात टाकायचा. बारावी झालेली, आणि गुजराती अशी फर्डी बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं इथलीच लेक आहे. मंगलाबाईंना सुरतेत एकवीस वर्षं होऊनही ‘केम छो’च्या पुढं गाडी अडखळायची. धाकटी जाऊ घरात आली त्या दिवसापासून मंगलाबाईंच्या पोटात एक बारीकसं दुखणं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

मागच्या वर्षी भगवानच्या गॅरेजात टीव्हीवाले आले. एका केबल वाहिनीवर ‘खटारा से सितारा’ नावाचा कार्यक्रम लागायचा. भंगारात निघालेली गाडी घ्यायची, ती नवीकोरी करायची, आणि शेवटी नफ्यात विकायची. भगवानकडे तेव्हा एक जुनी फियाट उभी होती. टीव्हीवाल्यांना ती पसंत पडली.

भगवान वहिनीच्या गाळ्यावर आला. “वहिनी, सीटा तुमच्याच हातच्या पाह्यजेत. पैसे जास्त नाही देता येणार, पण टीव्हीवर नाव येईल.”

“माह्यं नाव?” मंगलाबाईंनी विचारलं.

“तुमचंच. शिवते कोण मंग?”

तेवढ्यावर त्या कामाला लागल्या. मरून रेक्झिन, कडेला दुधी रंगाची पायपिंग. आतल्या स्प्रिंगा गंजलेल्या होत्या, त्या एकेक काढून नव्या बांधल्या. काथ्या बदलला, फोम हातानं कापून बसवला. इतर गिऱ्हाइकांची कामं मागं ठेवून तेवीस दिवस त्या त्या सीटांवर बसल्या. भगवाननं पाच हजार हातावर ठेवले आणि “घरचं काम आहे” म्हणाला. मंगलाबाईंनी नोटा कमरेला खोचल्या. डोळ्यांसमोर नाव होतं ना.

शूटिंगच्या दिवशी त्यांनी निळी साडी इस्त्री करून नेसली. कॅमेरेवाले गाळ्यात शिरले. त्यांच्यातल्या टोपीवाल्यानं मंगलाबाईंना मशीनवर बसवलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, “दीदी, ज़रा उठो. वो छोटी दीदी को बिठाते हैं. फ्रेम में खिलेगा.”

सुवर्णा चहाचे कप घेऊन आली होती. ती नाही-नाही म्हणत बसली. मंगलाबाईंच्या स्टुलावर, मंगलाबाईंच्या मशीनवर. मंगलाबाई दाराशी उभ्या राहिल्या, आणि कुणीतरी त्यांच्या हातात चहाचे रिकामे कप दिले.

महिनाभरानं संध्याकाळी आठ वाजता भाग लागला. भगवानच्या घरी शेजारपाजारची तेरा माणसं जमली. मंगलाबाईंना जायचं नव्हतं, पण न जावं तर लोक म्हणणार पोटात दुखलं, म्हणून गेल्या. पडद्यावर फियाटचा पत्रा ठोकला गेला, रंग चढला, इंजिन धडधडलं. मग चार सेकंद सुवर्णा मशीनवर दिसली. कॅमेरा सुईजवळ गेला. खोलीत टाळ्या वाजल्या. सुईत दोराच नव्हता. तेरा माणसांत ते एकट्या मंगलाबाईंना दिसलं.

शेवटी हिशोब आला, मोठ्या पिवळ्या अक्षरात. गाडी पंच्याऐंशी हजार. डेंटिंग-पेंटिंग चाळीस हजार. इंजिन तीस हजार. सीट सहा हजार. किरकोळ नऊ हजार. एकूण एक लाख सत्तर. काम पूर्ण अकरा दिवसांत. मग एक चष्मेवाला गृहस्थ आला, गाडीभोवती फिरला आणि तीन लाख नव्वदला घेतो म्हणाला. हातात हात दिला, चावी घेतली. नफा दोन लाख वीस हजार!

“अकरा दिवसांत सव्वादोन लाख,” शेजारची सरलाबाई गालाला हात लावून म्हणाली. “सुवर्णा, तुही तर चांदीच झाली व!”

सुवर्णा लाजून हसली. मंगलाबाई पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेल्या आणि माठाजवळ बोटांवर आकडे मोजू लागल्या. दोन लाख वीस हजार. आपल्या हातावर पाच. त्या रात्री पंडितला वाढताना त्यांनी भाजीचं पातेलं असं आदळलं की तो म्हणाला, “काय झालं?” “काही नाही,” त्या म्हणाल्या.

पुढचे तीन महिने मंगलाबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड होत राहिला. बाजारात सुवर्णाला लोक ‘टीव्हीवाळां बेन’ म्हणून हाक मारायचे. तिनं नवीन चपला घेतल्या तरी मंगलाबाई मनात म्हणायच्या, दोन लाख वीस हजारातून घेतल्या. तिच्या दारात नवा पडदा लागला, तोही त्याच पैशातला. वर धंद्यालाही खोट बसली. गिऱ्हाईक यायचं ते फोनवर तो भाग उघडूनच. बारडोलीचे हर्षदभाई नावाचे एक गृहस्थ जुन्या ॲम्बॅसेडरच्या सीटांचा भाव विचारायला आले. मंगलाबाईंनी एकोणीस हजार सांगितले.

“ओगणीस?” हर्षदभाई हसले. “बेन, टीवी पर तो छ हजार बताया. तुम्हारी ही देरानी ने बनाया.”

देरानी म्हणजे धाकटी जाऊ, एवढं हिंदी मंगलाबाईंना कळत होतं. “तर तिच्याकडूनच शिवून घ्या,” त्या मराठीतच म्हणाल्या. हर्षदभाईंना शब्द कळले नसतील, सूर कळला. ते निघून गेले.

एके दुपारी भगवानचा फोन आला. आवाज दबका. “वहिनी, जरा चलथाणले याल? एकट्याच या. सीटचं काम आहे. सुवर्णाले सांगू नका.”

चलथाणला साखर कारखान्याच्या अलीकडं त्यानं एक शेड भाड्यानं घेतली होती. मंगलाबाई रिक्षानं पोचल्या. भगवाननं एका गाडीवरचं कव्हर ओढलं. आत तीच फियाट. मागच्या सीटचा कोपरा उंदरानं कुरतडून काथ्या बाहेर काढला होता.

“ही तर विकली ना भाऊजी?”

भगवान खाली बसला. “कायची विकली! तो चष्मेवाला त्यांच्या हापिसातला माणूस होता. कॅमेरा बंद झाला अन् त्यानं चावी परत माह्या हातात देली.”

“अन् तो हिशोब?”

“गाडीच मले एक लाख दहाले पडली होती. खालचा पत्रा सगळा सडेल, तो नवा टाकला. इंजिन दोनदा उघडलं. अकरा दिवस कायचे, चार महिने लागले. माही मजुरी कुठं धरली त्यायनं? तुमची तेवीस दिवसांची धरली? दोन लाख पंच्याऐंशी हजार खर्च झाला वहिनी. लोक येतात, पाहतात, दीड लाख म्हणतात. शेडचं भाडं वेगळं.”

“सुवर्णाले माहीत नाही?”

“तिले वाटते पैसे बँकेत हायेत. माहेरी सगळ्यायले सांगून बसली ती. कोणत्या तोंडानं सांगू?”

मंगलाबाईंनी कोपरा दुरुस्त केला, तसंच रेक्झिन जोडून. भगवाननं पैसे विचारले, त्यांनी घेतले नाहीत. चेहरा गंभीर ठेवला. पण परत येताना चलथाणच्या नाक्यावर त्यांनी रिक्षा थांबवली, हातगाडीवरून एक प्लेट डाळीचा वाफाळता लोचो घेतला, वर तेल-शेव जास्त मागितली आणि उभ्या-उभ्या चाटूनपुसून खाल्ला. तीन महिन्यांत पहिल्यांदा अन्नाला चव लागली. आपल्या सख्ख्या दिराच्या नुकसानीवर आपण लोचो खातोय, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी प्लेट खाली ठेवली नाही.

गुपित आठवडाभर टिकलं. मग हर्षदभाई परत आले. या वेळी भाव विचारायला नाही, बढाई मारायला. ॲम्बॅसेडर भगवानच्या हवाली करणार होते, पन्नास हजार आगाऊ देणार होते. नवी करून विकायची आणि नफा वाटून घ्यायचा. “टीव्हीवर जेवढा मिळाला त्याचा अर्धा तरी मिळेल,” असं हिंदी-गुजरातीत सांगून ते म्हणाले, “सीट भी उधर ही बनेगी. तुम्हारी देरानी का हाथ बहुत साफ है.”

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते, तर पुढचं काही घडलं नसतं.

मंगलाबाईंनी त्यांच्याच फोनवर तो भाग लावायला लावला. मशीनचा प्रसंग आला तसं बोट ठेवून थांबवला. “सुई में धागा किधर है, दिखाओ मेरे को.” हर्षदभाई फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिले. मग मंगलाबाई थांबल्याच नाहीत. मोडक्या हिंदीत, मध्येच वऱ्हाडीत त्यांनी सगळं सांगून टाकलं. चार महिने, सडलेला पत्रा, चष्मेवाला, चलथाणची शेड, उंदीरसुद्धा. हर्षदभाईंनी खिशावर हात ठेवला, हात जोडले, आणि गेले ते भगवानच्या गॅरेजाकडं वळलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा गाळ्यात आली. केस विंचरलेले नव्हते.

“जाऊबाई, त्या बारडोलीवाल्याले तुमी सांगितलं?”

“खरं तेच सांगितलं. त्याचे पन्नास हजार बुडाले असते.”

“त्याच्या पन्नास हजाराची तुमाले येवढी काळजी?” सुवर्णाचा आवाज चिरकला. “मले काल समजलं. तो ज्या दुकानदाराजवळ बोलला त्याच्याकडून, नवऱ्याकडून नाही. तुमाले आठ दिवसांपासून माहीत होतं. मले काहून नाही सांगितलं?”

मंगलाबाईंकडं उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू सावध झाली असतीस. मला तुला पडताना बघायचं होतं.

“तू माह्या मशीनवर बसली,” त्या म्हणाल्या. “मी कप घेऊन दारात उभी होती.”

“त्यायनं बसवलं म्हणून बसली. उठून जायला पाह्यजे होतं, नाही गेली, चुकलं माह्यं.” सुवर्णानं पदरानं नाक पुसलं. “जाऊबाई, लग्नाले आठ वर्षं झाली. माह्या बापानं एकदा फोन नाही केला. त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं ना. तो भाग पाह्यला अन् त्या रात्री फोन केला. म्हणे, पोरी, नाव काढलं. आता त्याले काय सांगू?”

एवढं ऐकून मंगलाबाईंना कळवळायला हवं होतं. थोडा कळवळा आलाही. पण त्याच्या आधी मनात आलं ते असं: तुला निदान फोन तरी आला. मला कुणाचा आला?

दोघी सहा-सात आठवडे बोलल्या नाहीत. भगवाननं टीव्हीवाल्यांच्या पुढच्या भागाला नाही म्हटलं. ते दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात गेले, आणि तिथंही म्हणे दहाच दिवसांत दीड लाख नफा झाला. मंगलाबाईंनी गाळ्याबाहेर पाटी लावली: पूर्ण सीट एकोणीस हजारांपासून पुढे, वेळ वीस दिवस. गिऱ्हाईक कमी झालं. जे यायचं ते मात्र फोन न दाखवता यायचं.

दिवाळीनंतर फियाट खरोखरच विकली गेली. व्याऱ्याच्या एका डॉक्टरांनी दोन लाख दहा हजाराला घेतली. पंचाहत्तर हजार आणि चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. तरी भगवानच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. डॉक्टर गॅरेजावर गाडी न्यायला आले तेव्हा त्यानं वहिनीलाही बोलावलं. डॉक्टर मागच्या सीटवर बसले, पायपिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आ कोणे बनाव्युं? बहु सरस काम छे.”

भगवान म्हणाला, “घरेज बनाव्युं, साहेब.”

मंगलाबाईंच्या काळजात परत तीच कळ उठली. घरी म्हणे! घराला काय हात असतात?

तेवढ्यात सुवर्णा पुढं झाली. स्वच्छ गुजरातीत, मोठ्यानं, गॅरेजातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं सांगितलं, की सीटा थोरल्या जाऊबाईंनी शिवल्यात, एकटीनं, तेवीस दिवसांत. टीव्हीवर मी नुसती बसले होते, मला साधी टीपसुद्धा मारता येत नाही. ती हे सांगताना हसली, तिचं ते हसणं. डॉक्टरही हसले, कामावरची पोरं हसली, भगवान किती महिन्यांनी हसला.

मंगलाबाई ज्याची वाट पाहत होत्या ते अखेर मिळालं होतं, चारचौघांत, नावानिशी. पण त्यांनी आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांचे डोळे सुवर्णावर होते. काय मोठ्या मनाची बाई, असंच ज्याच्या-त्याच्या तोंडावर लिहिलेलं. खरं सांगण्याचाही मान तीच घेऊन गेली.

डॉक्टर गाडीतून उतरून मंगलाबाईंपाशी आले. दवाखान्यातल्या बाकांना रेक्झिन बसवायचंय, याल का, असं हिंदीत विचारलं. मंगलाबाईंनी बाकं किती, लांबी किती ते विचारून घेतलं. मग सुवर्णाकडं न बघताच म्हणाल्या, “व्याऱ्याले दोघी जाऊ. भाव तू बोल. मले गुजराती जमत नाही.”

“बरं, जाऊबाई,” सुवर्णा म्हणाली.