माताजीचे केस

मध्यप्रदेश तेव्हा नवानवाच झाला होता. इंदूरच्या इस्पितळात माझ्या भाचीच्या शेजारच्या खाटेवर गौतमपुऱ्याचा एक मुलगा होता. वाहत्या कानातला पू मेंदूत जाऊन साठला होता. डोकं भादरायचं, कवटीला भोक पाडून सुईनं पू काढायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाप मुलाच्या लांब केसांवरून सारखा हात फिरवायचा. म्हणाला, "बाल माताजी के हैं, साब. पहले वहीं उतरेंगे." आणि मुलाला घेऊन देवीच्या ठाण्याला नवस फेडायला गेला.

चार दिवसांनी परतला तेव्हा कडेवरच्या मुलाचं डोकं गुळगुळीत होतं. त्यानं आधी डॉक्टरांच्या हातावर प्रसाद ठेवला. "अब लगाओ सुई."

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली; मुलगा गेला होता. सगळे बापाला 'बिचारा' म्हणाले. मला त्याचा रागच आला, अजून येतो. बापाचा हात त्या गुळगुळीत डोक्यावरून फिरतच होता.