नाल्यापलीकडची तार

माझ्यावर आईवडिलांनंतर सर्वांत मोठे उपकार आहेत ते फवारणीचं हेलिकॉप्टर चालवणाऱ्या आमच्या पायलटसाहेबांचे.

ऐंशीच्या दशकात एरंडोलकडे कपाशीवर हेलिकॉप्टरने औषध मारत. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला त्या कामावर नोकरी लागली, पहिलं वर्ष कच्ची. हेलिकॉप्टर पिकावरून जेमतेम दोन पुरुष उंचीने जाई. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक शेत पायी फिरून तारा नकाशावर लाल पेन्सिलीने दाखवायच्या, हे माझं काम.

साहेब रोज सकाळी विचारायचे, "काय पदवीधर, आज मला कुठं टांगणार? सगळं चालून आलास ना?"

एकदा नाल्यापलीकडचं शेत राहिलं. अलीकडे बांधावर त्या शेताचा म्हातारा मालक बसला होता. मी विचारलं, "आबा, पलीकडे तार आहे का?"

सरकारी जीप आणि माझ्या हातातली वही बघून तो उठून उभा राहिला. "आठे कशानी तार, साहेब? आठे वीजच नही शे." वीजच नाही म्हटल्यावर मी अलीकडूनच परत फिरलो.

त्याने खांबावर आकडा टाकला होता आणि चोरून घेतलेली तार बाभळींना बांधत विहिरीवरच्या मोटारीपर्यंत नेली होती. मी आकडे पकडायला आलोय, असं त्याला वाटलं. शेतकऱ्याच्या पोराला हे कळायला हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसाने मला साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

सकाळी पायलटसाहेबांनी विचारलं, मी "हो" म्हणालो. तासाभरात हेलिकॉप्टर त्या तारेत अडकून कोसळलं. नकाशा जळाला. साहेब वाचले, पण कमरेखाली लुळे झाले.

चौकशीत ते खाटेवरूनच म्हणाले, "तार या मुलाने दाखवली होती. मीच विसरलो." मी शेजारीच उभा होतो. बाहेर आल्यावर माझे वरिष्ठ म्हणाले, "सुटलास लेका. पेढे काढ."

मी नोकरीत कायम झालो. त्यांच्या नावावर निष्काळजीपणा लागला. नऊ वर्षांनी मी त्यांना लिहिलं:

"साहेब, सा. न.

त्या शेतात मी गेलो नव्हतो. नाल्याला गुडघाभर पाणी होतं आणि माझे बूट नवे होते. या पत्राची एक प्रत चौकशीच्या फाइलला लावण्यासाठी आज कार्यालयात दिली आहे. त्या सकाळी तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हणालो, ते खोटं आहे हे तेव्हाच तुम्हाला कळलं होतं का, एवढं कळवावं.

आपला,
पदवीधर"