रडायला उभी केलेली बाई

"तू काही बोलू नकोस. नुसती रड."

एवढं सांगून अलिबागच्या वकीलसाहेबांनी मला आमच्या कोळीवाड्यातल्या सभेत उभं केलं. मासळीची माझी फुटकी पाटी उंच धरून ओरडले, "बघा! शेतकऱ्यांनी तुमच्या बाईचे काय हाल केले!" लोक खवळले. मी रडले. रडणं खोटं नव्हतं, पाटी खरंच फुटली होती.

पारूने फोडली होती. पारू खाडीपलीकडच्या शेतकरी गावातली. दर सुगीला मी तिला सुकट द्यायचे, ती मला भात. त्या वर्षी खळं रिकामं. तिने माझी पाटी लाथेने उडवली. "तुमच्या मान्सांनी आमचा बांध फोडला. खारं पानी शेतान शिरलं. चालती हो!"

वकीलसाहेबांना मी देव मानायचे. खोताच्या घरी फुकट मासळी पोचवायची वेठ त्यांनीच बंद केली. ते खरं, आजही सांगेन. पण त्या वर्षी दोन्ही गावांनी मिळून लोकल बोर्डाच्या निवडणुकीला आपलाच माणूस उभा करायचं ठरवलं होतं. साहेब स्वतःही उभे राहणार होते, तरी हसून "छान" म्हणाले होते. त्यानंतरच्या उधाणात बांध फुटला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेले. बांध फुटून पडलेल्या खांडीच्या दोन्ही अंगांना चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची, बिळंच बिळं. चिंबोऱ्या धरण्यात माझा जन्म गेला. बांध त्यांनी पोखरला, उधाणाने नेला. पारू तिथे माती टाकत होती. मी तिचा हात धरून बिळात घातला.

तिने चिखलाने भरलेला हात बाहेर काढला. "वकील म्हनला, तुमच्या मान्सांना फोडताना त्यानं डोल्यांनी बघितलं."

"आमाला म्हनला, तुमी खाडीचं तोंड बुजवनार. होड्या अडकवनार."

अंगाची आग झाली. खोत निदान तोंडावर शिव्या द्यायचा. यांनी माझे अश्रू नेऊन माझ्याच मैत्रिणीवर फेकले.

पुढच्या सभेत साहेबांनी पुन्हा पाटी उचलली. मी ती हिसकावून घेतली. "पाटी पारूनं फोडली. पन आग तुमी लावली. बांध चिंबोऱ्यांनी फोडला, जाऊन बघा."

साहेब हसले. "बाई घाबरलीय."

कोणी बघायला गेलं नाही. आमचा माणूस पडला. साहेब निवडून आले, गुलाल आमच्याच लोकांनी उधळला.

वेठ सुटल्याचे उपकार मी विसरले नाही. पण त्या उपकारापायी मान खाली घालणार नाही. आता कुठलाही पुढारी आला की पारू आणि मी शेजारी शेजारी बसतो, अगदी पुढे. तिला एक आणि मला दुसरं सांगता येत नाही.

रडायचं झालं तर घरी रडेन. सभेत मी बोलणार.